कोरलेला बांध आणि देवाची दया
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे: प्रायश्चित्तकाळ विशेष

यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे, महाशिवरात्रीनंतर तीनच दिवसांनी. तिथून पवित्र गुरुवारच्या, म्हणजे २ एप्रिलच्या, संध्याकाळच्या मिस्सापर्यंत (चर्चमधल्या मुख्य उपासनेपर्यंत) प्रायश्चित्तकाळ, म्हणजे लेंट, हा ईस्टरआधीचा उपवासाचा आणि पश्चात्तापाचा काळ चालेल. ५ एप्रिलला ईस्टर. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून कॅथलिक वाचकांची आलेली पत्रे आम्ही या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत, फक्त गावे दिली आहेत. पत्रलेखक ओळखू येतील असा तपशील गाळला आहे.

आमच्या गल्लीत उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, रताळी. आपल्या उपवासाला काय चालतं? भाकरी खाल्ली तर मोडतो का? आणि मटण नाही खाल्लं, नुसता रस्सा घेतला तर? (फलटण)

भाकरीने उपवास मोडत नाही. शेजारच्या घरी उपवासाला प्रश्न असतो ‘काय खायचे’ हा. चर्चच्या उपवासात प्रश्न असतो ‘किती खायचे’ हा. दिवसातून एकदा पोटभर जेवायचे आणि बाकी दोन वेळा थोडे खायचे. ते दोन वेळचे थोडे एकत्र केले तर त्याचे आणखी एक जेवण होता कामा नये. दुपारी भाकरी, पिठले, भात असे नेहमीचे जेवण, सकाळी चहाबरोबर एक चपाती आणि रात्री अर्धी भाकरी ताकाबरोबर, हा नियमाप्रमाणे पूर्ण उपवास झाला. ताटभर खिचडी तीन वेळा खाल्ली तर साबुदाणा असूनही तो उपवास नाही. पाणी, चहा, औषध यांनी काही बिघडत नाही.

असा सक्तीचा उपवास वर्षात दोनच दिवस आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तो १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत लागू होतो. मांस वर्ज्य करणे हा वेगळा नियम. तो १४ पूर्ण झाल्यावर सुरू होतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. म्हणून आजीचा उपवास सुटला तरी त्या दोन दिवशी मटण सुटत नाही. बाकीच्या शुक्रवारी मांसाऐवजी दुसरे प्रायश्चित्त किंवा दानधर्म ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे, तेव्हा पॅरिशमध्ये (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) रविवारी वाचून दाखवतात ती सूचना नीट ऐका. अंडी, दूध, मासे चालतात, सुकटही चालते.

रस्सा: १९१७ च्या धर्मसंहितेत मांसाचा रस्साही स्पष्ट शब्दांत वर्ज्य होता. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये नियम सैल केले, त्यात शब्द फक्त ‘मांस’ असा राहिला. पण फोडी बाजूला सारून तांबडा रस्सा ओरपायचा आणि मांस सोडले म्हणायचे, हे आम्हाला पटत नाही. त्या दिवशी आमटी करा.

आजारी माणसे, इन्सुलिनवर असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना उपवासाचे बंधन नाही. सध्या ऊसतोडीचा हंगाम आहे. उन्हात कोयता चालवून मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवणाऱ्यालाही कोणी उपाशी राहायला सांगत नाही. शंका असेल तर पॅरिशच्या फादरांना विचारा, उपवासाऐवजी दुसरे काही ठरवून द्यायचा अधिकार त्यांना आहे. अशक्तपणा आला तरी हट्टाने उपवास ओढणे यात पुण्य नाही.

पाडव्याला शेजारच्या काकू श्रीखंड आणून देतात. लेंटमध्ये घ्यावं का? (सातारा)

घ्या आणि खा. गोड खाऊ नये असा चर्चचा नियम नाही, तो तुमचा स्वतःचा संकल्प असू शकतो. यंदा पाडवा १९ मार्चला, म्हणजे संत योसेफाच्या सणादिवशीच आहे. प्रायश्चित्तकाळात येत असला तरी तो मोठा सण आहे. काकूंची वाटी रिकामी परत पाठवू नका.

शेवटचं कन्फेशन (फादरांपुढचं पापनिवेदन) लग्नाच्या आदल्या दिवशी, २००३ साली केलं. आता जावंसं वाटतं, पण काय म्हणायचं तेच आठवत नाही. एवढ्या वर्षांचं सगळं सांगायचं कसं? फादर ओरडतील का? (कराड)

दादा, ‘जावंसं वाटतं’ हे तुम्ही लिहिलेत ना, तिथेच अर्धे काम झाले, आणि ते तुम्ही एकट्याने केलेले नाही. माणसाच्या मनात परतायची इच्छा जागी होते ती देवाच्या कृपेनेच, अशी चर्चची शिकवण आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप मुलाला ‘तो दूर आहे तोच’ पाहतो आणि धावत जातो. मुलाने पाठ करून आणलेले वाक्य पुरते संपूही देत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. आदल्या दिवशी अर्धा तास शांत बसा. दहा आज्ञा एकेक घ्या आणि प्रत्येकीपाशी स्वतःला विचारा. घरातल्यांशी, पैशाशी, शरीराशी, जिभेशी, देवाशी मी कसा वागलो? चिठ्ठीवर लिहिले तरी चालते, नंतर ती जाळून टाका. चर्च ‘गंभीर पाप’ म्हणते ते तीन गोष्टी एकत्र आल्या तर: गोष्ट मुळातच गंभीर हवी, ती गंभीर आहे हे तेव्हा पुरते ठाऊक हवे आणि ती जाणूनबुजून, स्वखुशीने केलेली हवी. अशी पापे प्रकार आणि संख्येसह सांगणे आवश्यक आहे. तेवीस वर्षांची नेमकी संख्या कोणालाच सांगता येत नाही. ‘साधारण दहा वर्षं, महिन्यातून एकदोनदा’ एवढे पुरते. लहानसहान पापे सांगणे चांगले, पण ती राहिली म्हणून काही अडत नाही.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करा आणि सांगा, ‘फादर, शेवटचं पापनिवेदन २००३ मध्ये केलं, मी विवाहित आहे, कसं करायचं ते विसरलोय, मला मदत करा.’ हे वाक्य ऐकले की पुढचे काम फादर करतात. तुम्ही पापे सांगा आणि शेवटी म्हणा, ‘ही आणि मला न आठवणारी सर्व पापं.’ फादर दोन शब्द सांगतील आणि प्रायश्चित्त देतील. मग पश्चात्तापाची प्रार्थना. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा: पापाचे दुःख झाले आहे, देवाच्या कृपेने ते टाळीन. त्यानंतर फादर हात पुढे करून क्षमेचे शब्द उच्चारतात, त्यावर ‘आमेन’ म्हणा. सांगून दिलेले प्रायश्चित्त शक्यतो त्याच दिवशी पुरे करा.

चुका कुठे होतात, तेही सांगून ठेवतो. पहिली, दुसऱ्याची पापे सांगणे. ‘सासरे असे वागले, म्हणून भावजय तशी बोलली, म्हणून मी...’ यात पाच मिनिटे जातात आणि स्वतःचे पाप शेवटच्या अर्ध्या वाक्यात उरते. दुसरी, मोघम बोलणे. ‘मी फार पापी आहे फादर’ यात कबूल काहीच केलेले नसते. तिसरी सर्वांत घातक: लाजेपोटी एक गंभीर पाप मुद्दाम लपवणे. तसे केले तर सगळेच पापनिवेदन निष्फळ ठरते आणि मनावर एका ओझ्याची दोन होतात. विसरून राहिले तर मात्र ते क्षमेत आलेच. पुढच्या वेळी आठवले तर फक्त उल्लेख करा.

रविवारी मिस्साआधीच्या दहा मिनिटांत रांगेत उभे राहू नका, मागच्यांची घाई तुमच्या पाठीवर येते. फोन करून आठवड्यातली एखादी संध्याकाळ मागून घ्या. दरवर्षी लेंटच्या चौथ्या रविवारआधीच्या शुक्रवार-शनिवारी ‘चोवीस तास प्रभूसाठी’ हा उपक्रम चर्च जगभर पाळते. पोप फ्रान्सिस यांनी तो २०१४ मध्ये सुरू केला. यंदा ते दिवस १३ आणि १४ मार्च. आपल्या फादरांना तोंड दाखवणे जड जात असेल तर जाळी असलेल्या कन्फेशनलमध्ये जा किंवा दुसरीकडे जा. पापनिवेदन कोणापाशी करायचे हे निवडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. सातारा-सांगली पुणे धर्मप्रांतात येतात म्हणून पुण्याकडेच जायला हवे असे नाही. कराडहून कोल्हापूर जवळ पडते, तिथले पापनिवेदनही तितकेच खरे. फादरांना मराठी नीट येत नसेल तर तुम्हाला ज्या भाषेत मन मोकळे करता येते ती बोलणारा धर्मगुरू शोधा.

ओरडण्याबद्दल: फादर तिथे न्यायाधीश आणि वैद्य अशा दोन्ही नात्यांनी बसलेले असतात. तेवीस वर्षांनी दवाखान्यात आलेल्या रोग्यावर शहाणा वैद्य ओरडत नाही. क्वचित कोणी तुटकपणे बोललेच, तरी क्षमा देवाची आहे, त्या माणसाच्या स्वभावाची नाही.

लहान गाव आहे. सांगितलेलं बाहेर जाणार नाही याची खात्री काय? (विटा)

धर्मगुरूने पापनिवेदनातले थेट उघड केले तर तो त्याच क्षणी, कोणी शिक्षा सुनावण्याची वाट न पाहता, चर्चमधून बहिष्कृत होतो. यापेक्षा कडक शिक्षा चर्चपाशी नाही. तो तुमच्यापाशीसुद्धा, तुम्ही परवानगी दिल्याशिवाय, तो विषय नंतर काढू शकत नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर चुकून काही पडले, तर त्यालाही गुप्ततेचे बंधन आहे.

आमचा आणि शेजाऱ्याचा सामाईक बांध. नांगरताना दरवर्षी थोडाथोडा कोरत गेलो. चौदा वर्षं झाली. शेजारी वारले, त्यांची मुलं पुण्याला असतात, त्यांना काही कळलेलं नाही. गेल्या लेंटमध्ये पापनिवेदन केलं, फादरांनी तीन नमो मरिया म्हणायला सांगितलं. ते म्हटलं. तरी शेताकडे गेलं की छातीत काहीतरी होतं. देवाने क्षमा केली असेल तर असं का होतं? (वाळवा तालुका)

आलेल्या पत्रांत आम्ही सर्वांत जास्त वेळ या पत्रापाशी थांबलो.

आधी हिशेब करू. तीनशे फूट लांबीचा बांध वर्षाला अर्धा फूट कोरला तर चौदा वर्षांत सात फूट आत जातो. म्हणजे २१०० चौरस फूट, जवळजवळ दोन गुंठे. तुमचे आकडे वेगळे असतील, पण अर्ध्या फुटाचे गुंठे कसे होतात ते यावरून दिसते. कोरताना कधीच मोठे वाटत नाही.

छातीत होते ते वाईट नाही. ते देवाने क्षमा केली नाही याचे लक्षण नव्हे, जमीन अजून परत गेलेली नाही याची आठवण आहे. क्षमेने पाप जाते, पण पापाने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चर्चची शिकवण इथे अगदी स्पष्ट आहे: चोरलेले परत करायचे, बदनामी केली असेल तर नाव पूर्ववत करायचे, इजा केली असेल तर भरपाई द्यायची. तीन नमो मरिया हे प्रायश्चित्त होते, जमिनीची किंमत नव्हती. बहुधा फादरांना ‘बांध कोरला’ एवढेच कळले, ती जमीन अजून तुमच्या नांगराखाली आहे हे स्पष्ट झाले नसावे. परत करायची तुमची तेव्हा खरोखर तयारी होती का, हे स्वतःला विचारा. होती, तर क्षमा झाली आहे आणि आता काम उरले आहे. ‘क्षमा मिळाली, आता जमीन राहू दे’ असा विचार मनात होता, तर पश्चात्तापच अपुरा होता. पुन्हा जा आणि हे सगळे सांगा.

परत कसे करायचे? वारसांना द्यायचे, शेजारी गेले म्हणून देणे संपत नाही. त्यांच्या मुलांना फोन करा आणि म्हणा, ‘बांध सरकल्यासारखा वाटतो. सरकारी मोजणी करून घेऊ, खर्च मी करतो, हद्द निघेल तिथे बांध घालू.’ तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो, मोजणीदार येऊन खुणा दाखवून देतो. मीच कोरला हे चावडीवर जाहीर करायची सक्ती चर्च तुमच्यावर करत नाही. जमीन परत गेली पाहिजे, तुमची धिंड निघाली पाहिजे असे नाही. पण मुलांनी सरळ विचारले तर खोटे बोलू नका. आणि मोजणीत उलट तुमचीच जमीन त्यांच्याकडे निघाली, तर तीही शांतपणे बघा.

चौदा वर्षांच्या उसाचे काय? जाणूनबुजून दुसऱ्याची वस्तू वापरणाऱ्याने वस्तूबरोबर तिचे उत्पन्नही परत करावे, त्यासाठी लागलेला योग्य खर्च वजा करून, असे नीतिशास्त्र सांगते. बेणे, खत, पाणी, तोडणी वजा केल्यावर दोन गुंठ्यांचे वर्षाला जे उरते ते फार मोठे नसेल. पहिल्या वर्षी दोन गुंठे नव्हते, अर्ध्या फुटाची पट्टीच होती, तेव्हा तसे वाढते धरा. एकदम जमत नसेल तर गाळपाचे बिल येईल तसे हप्त्याने द्या. रोख रक्कम देताना तुमचे नाव पुढे यायला नको असेल तर फादरांमार्फत देता येते. इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: पापनिवेदनात सांगितलेल्या गोष्टीवरून फादर बाहेर पाऊल उचलू शकत नाहीत. त्यांनी मध्यस्थी करावी असे वाटत असेल तर त्यांना बाहेर, ऑफिसात भेटा आणि नव्याने सांगा. वारस सापडूच शकले नाहीत, तर ती रक्कम गोरगरिबांना जाते, तुमच्याकडे राहत नाही.

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न शेवटच्या वाक्यात आहे. दया असेल तर हिशेब कशाला? जक्कय जकातदाराची गोष्ट आठवा. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ म्हणतो. त्या वेळेपर्यंत जक्कयाने एक पैसाही परत केलेला नाही. प्रभू घरी आल्यावर तो उभा राहतो आणि म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवले त्याला चौपट देतो. दया आधी आली, आणि ती आल्यामुळेच त्याची मूठ उघडली. चौपट परत केल्यावर येईन, असे प्रभू म्हणाला नाही. तुमच्याही बाबतीत क्रम तोच आहे. त्या बांधाकडे आता शिक्षा म्हणून बघू नका. प्रभू घरी आलेला आहे, आता हात मोकळा करायचा आहे, एवढेच.

फादर महिन्यातून एकदा येतात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून कन्फेशन चालेल का? (कोरेगाव)

नाही. धर्मगुरू आणि पापनिवेदन करणारा दोघेही प्रत्यक्ष हजर असावे लागतात. फोनवर सल्ला घ्या, प्रार्थना करून घ्या, वेळ ठरवा, पण फोनवरून पापक्षमा होत नाही. मधल्या काळात मनावर गंभीर पाप असेल तर देवावरच्या प्रेमापोटी, शिक्षेच्या भीतीपोटी नव्हे, पश्चात्ताप करा आणि लवकरात लवकर पापनिवेदनाला जाण्याचा पक्का निश्चय करा. अशा पूर्ण पश्चात्तापाने देव तेव्हाच क्षमा करतो. पापनिवेदन होईपर्यंत कम्युनियन (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) मात्र घेऊ नका. संधीच नसेल आणि तसेच गंभीर कारण असेल तर गोष्ट वेगळी.

माझं माहेर मिरजेचं, प्रोटेस्टंट. माहेरचे विचारतात, पाप देवाविरुद्ध, मग माणसापुढे कशाला सांगायचं? काय उत्तर द्यावं? (मिरज)

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा दवाखाना १८९४ पासून मिरजेत आहे. त्याच्या आधाराने पिढ्या वाढलेल्या गावात हा प्रश्न जेवणाच्या ताटावर निघणारच. वाद घालू नका, पण उत्तर नीट द्या. त्यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे: क्षमा फक्त देवच करतो, आणि कॅथलिक माणूसही रोज रात्री थेट देवाकडेच क्षमा मागतो. पण योहानाच्या २०व्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांवर फुंकर घालून म्हणतो, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल, ज्यांची ठेवाल त्यांची राहील. न ऐकता क्षमा कोणाची करायची आणि ठेवायची कोणाची हे ठरणार कसे? शिवाय पापाचे नुकसान एकट्या देवापुरते राहत नाही, बांधाचे पत्र वाचा. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांचे प्रायश्चित्त मंडळीसमोर, कधी वर्षानुवर्षे चालत असे. आजची खासगी पद्धत सातव्या शतकात आयरिश संन्याशांमुळे युरोपात पसरली, आणि वर्षातून एकदा तरी पापनिवेदन हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. पद्धत बदलत गेली, पण चर्चच्या हातून मिळणारी देवाची क्षमा तीच राहिली.

दारू सोडतो म्हणून तीनदा कबुली दिली, तीनदा घसरलो. चौथ्यांदा कोणत्या तोंडाने जाऊ? दयेला काही मर्यादा असेलच की. (सांगली)

दयेला मर्यादा नाही. पेत्राने ‘सात वेळा का?’ विचारले तेव्हा येशूने ‘साताच्या सत्तर वेळा’ म्हटले. क्षमा मिळत नाही ती क्षमा नकोच म्हणणाऱ्याला. तुम्ही तर पत्र लिहिता आहात.

‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय म्हणजे भविष्याचे भाकीत नव्हे. आज, या क्षणी इच्छा खरी आहे का, एवढेच देव बघतो. ‘घसरेन अशी भीती वाटते’ असे म्हणूनही निश्चय खरा असू शकतो. खोटा ठरतो तो केव्हा? पाप सोडायचे म्हणायचे आणि त्याची वाट तशीच उघडी ठेवायची तेव्हा. तेव्हा चौथ्यांदा जाताना नुसते ‘सोडतो’ म्हणू नका, काय बदलणार ते सांगा. पगाराच्या दिवशी पैसे थेट बायकोच्या खात्यात, कामावरून परतण्याचा रस्ता दुसरा, शनिवारी संध्याकाळी कुठे आणि कोणाबरोबर असणार ते आधी ठरलेले. व्यसन हा आजारही आहे. सवयीने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हे चर्चही मान्य करते. म्हणून डॉक्टरांकडे जा, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगची चौकशी करा. दारू एकदम बंद केल्यावर हात थरथरणे, घाम, भास सुरू झाले तर लगेच दवाखाना, ते फक्त प्रार्थनेने रेटायचे नाही. आणि दरवेळी नवा धर्मगुरू शोधू नका. एकाच फादरांकडे महिन्याला जा, म्हणजे त्यांना तुमची चाल कळते.

मी कॅथलिक, मिस्टर हिंदू. अकरा वर्षांपूर्वी नोंदणी पद्धतीने लग्न झालं, चर्चमध्ये काही केलं नाही. मिस्साला जाते, कम्युनियनच्या वेळी मागे बसते. माझ्यासाठी दार बंद आहे का? (वाई)

ताई, दार बंद नाही, पण कडी तुमच्या बाजूने काढायची आहे. कॅथलिक व्यक्तीचा विवाह धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर व्हावा लागतो आणि बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी होत असेल तर बिशपांची सूटही लागते. या दोन गोष्टी झाल्या नसल्यामुळे चर्चच्या दृष्टीने तुमचा विवाह अजून वैध नाही. म्हणून आधी पापनिवेदनाच्या रांगेत न उभे राहता ऑफिसात फादरांना भेटा. बरोबर दोघांची ओळखपत्रे आणि लग्नाचे नोंदणी प्रमाणपत्र न्या. बाप्तिस्म्याचा दाखला जुना चालत नाही. जिथे बाप्तिस्मा झाला तिथून गेल्या सहा महिन्यांतला नवा मागवा, त्यासाठी थोडा वेळ धरा. मिस्टरांना धर्म बदलावा लागत नाही. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन तुम्ही द्यायचे आणि ते त्यांना ठाऊक असले पाहिजे. त्यांची विधीला उभे राहायची तयारी नसेल, पण संसार मनापासून चालू असेल, तर बिशप विवाह मुळापासून वैध करून देऊ शकतात, नवा विधी न करता. हे अनेक फादर स्वतःहून सांगत नाहीत, तुम्ही विचारा. मग पापनिवेदन, मग कम्युनियन. तोवर राखेच्या बुधवारी कपाळावर राख जरूर घ्या, तिला कोणालाही मनाई नाही.

ग्रुपवर आलंय, गुड फ्रायडेपासून नऊ दिवस तीन वाजता दैवी करुणेची माळ म्हटली की सगळी पापं माफ, कन्फेशनची गरज नाही. खरं आहे का? मी दुपारी तीनला बेदाण्याच्या शेडवर असते, माळ पुरी होत नाही. (तासगाव)

माळ खरी, मेसेज खोटा. ही भक्ती पोलंडच्या सिस्टर फाउस्टिना कोवाल्स्का यांच्यापासून सुरू झाली. त्यांना १९३१ साली हृदयातून लाल आणि फिकट किरण निघणाऱ्या येशूचे दर्शन झाले, माळ १९३५ मध्ये मिळाली. १९३८ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्या वारल्या. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३० एप्रिल २००० रोजी त्यांना संतपद दिले आणि ईस्टरनंतरचा रविवार दैवी करुणेचा रविवार ठरवला. यंदा तो १२ एप्रिलला येतो. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, ३ एप्रिलच्या गुड फ्रायडेपासून ११ एप्रिलपर्यंत.

माळ नेहमीच्या रोझरीवरच (जपमाळेवरच) म्हणतात. सुरुवातीला ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, ‘नमो मरिया’ आणि विश्वासांगीकार. प्रत्येक मोठ्या मण्यावर येशूचे शरीर, रक्त, आत्मा आणि दैवीपण पित्याला अर्पण करण्याची प्रार्थना, दहा लहान मण्यांवर ‘त्याच्या दुःखदायक यातनांखातर आम्हावर व सर्व जगावर दया कर’ या अर्थाची. असे पाच वेळा, आणि शेवटी ‘पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवंता’ तीनदा. सावकाश म्हटली तर आठदहा मिनिटे लागतात.

पण हा नवस नाही, की नऊ दिवस पुरे केले आणि देवाने फेडलाच पाहिजे. त्या रविवारी चर्च पूर्ण दंडमाफी (पापाची क्षमा झाल्यावरही उरणाऱ्या दंडाची माफी) देते, तिच्या अटींतच पापनिवेदन आणि कम्युनियन आहे, पोपसाहेबांच्या हेतूंसाठी प्रार्थना आहे आणि कोणत्याही पापाची ओढ मनात न ठेवणे आहे. म्हणजे मेसेज ज्याची गरज नाही म्हणतो, तेच आधी लागते. ते त्याच रविवारी करायला हवे असे नाही, सुमारे वीस दिवस आधी किंवा नंतर चालते. पवित्र आठवड्याच्या सुरुवातीला, सोमवारी किंवा मंगळवारी, उरकून घ्या, गुरुवारपासून फादरांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

तीन वाजता माळ पुरी होत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्या वेळी जिथे असाल तिथे क्षणभर मन प्रभूच्या मरणाकडे वळवले तरी चालते, असे सिस्टर फाउस्टिना यांनीच लिहून ठेवले आहे. जाळीवर घड पसरताना हात थांबवायचीही गरज नाही. ‘येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे’ एवढे म्हणा, माळ रात्री घरी गेल्यावर म्हणा.